पाणी आलं!

चेन्नईच्या टी. नगरमध्ये माझी मावशी राहते. लग्न होऊन दादरहून ती तिकडे गेली, त्याला आता चाळीस वर्षे उलटली. काकांची नोकरी तिथली, मुलाची शाळा तिथली, आणि आता तर तिचे मराठीही थोडे तिकडचे झाले आहे. गेल्या ऑक्टोबरात मी तिच्याकडे आठवडाभर राहून आले. दिवाळीच्या खरेदीचे दिवस होते. रंगनाथन स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि आकाश सकाळपासून काळे होते.

दुपारी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात फाटकाकडून वॉचमनची आरोळी आली, "अम्मा, तण्णी वंदुडुच्चु!"

मावशी चहा तसाच टाकून उठली. तिने आधी पलंगावरची गादी कपाटावर टाकली, मग पिठाचा डबा ओट्यावर ठेवला. काका न बोलता शेगडीचा सिलिंडर सरकवू लागले. मला काही कळेना. मी बाहेर जाऊन पाहिले, तर गल्लीतले पाणी फाटकाच्या पट्टीला लागलेले होते. त्या दिवशी ते तिथूनच परतले. संध्याकाळी मावशी हसत म्हणाली, "अगं, 'तण्णी वंदुडुच्चु' म्हणजे पाणी आलं. जूनमध्ये हाच असाच ओरडतो, तेव्हा आम्ही घागरी घेऊन धावतो. टँकर आलेला असतो. आता ओरडला की गाद्या घेऊन धावायचं. आरोळी एकच, महिना बघून समजायचं!"

तिचे हसणे रात्रीपर्यंत टिकले नाही. जेवणानंतर तिने खरा विषय काढला. तिचा मुलगा पुण्यात आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात मावशीच्या तळमजल्यावरच्या घरात दोन वीत पाणी तीन दिवस उभे होते. तेव्हापासून तो मागे लागला आहे, फ्लॅट विका आणि पुण्याला या. पृथ्वी तापते आहे, समुद्र वाढतो आहे, चेन्नईचे काही खरे नाही, असे तो फोनवर सांगतो. काकांचे वय झाले आहे. फ्लॅट हीच काय ती आयुष्याची पुंजी. मावशी म्हणाली, "तू पेपरात लिहितेस ना? मग मला सरळ सांग. हे जे ताप वाढतो, ताप वाढतो म्हणतात, त्यानं इथं नक्की काय होणार? राहायचं की निघायचं?"

असा प्रश्न घरातल्या माणसाने विचारला की लेख लिहिण्याइतके सोपे उत्तर देता येत नाही. मी परत आल्यावर जे वाचले, जे विचारले, ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत हा प्रश्न आज ना उद्या निघणार आहे.

पहिली गोष्ट टी. नगरचीच. या भागाचे पूर्ण नाव त्यागराय नगर. जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्यावरून ते पडले. मधल्या बागेला पनगल पार्क म्हणतात, ते त्या वेळचे मुख्यमंत्री पनगलचे राजे यांच्या नावाने. उस्मान रोड, जी. एन. चेट्टी रोड ही नावेही त्याच काळातली. पण १९२३ च्या सुमारास ही वसाहत आखायला घेतली, तेव्हा ती माळरानावर आखलेली नव्हती. ती तळ्यात आखली होती. नुंगमबाक्कमपासून सैदापेठच्या बाजूला चंद्रकोरीसारखा पसरलेला एक लांबलचक तलाव इथे होता. इंग्रज त्याला लाँग टँक म्हणत आणि त्यात होड्यांच्या शर्यती लावत. शहर वाढू लागले, घरांना जागा हवी झाली, म्हणून तळ्याचे पाणी काढून टाकले आणि तळावर रस्ते पाडले. पुढे उरलेसुरले तळेही असेच भरले गेले. वळ्ळुवर कोट्टम हे प्रसिद्ध स्मारक याच तळ्याच्या जागेवर १९७६ मध्ये उभे राहिले.

असे तळे म्हणजे नुसता खड्डा नसे. तमिळमध्ये त्याला एरी म्हणतात. उताराच्या आडवा मातीचा बांध घालायचा, पावसाचे पाणी अडवायचे, जास्तीचे सांडव्यावरून खालच्या तळ्यात सोडायचे, तिथून आणखी खालच्या. आपल्याकडे भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको. अशी तळी एकमेकांना बांधलेली असतात. त्यातले एक बुजवले, तर पाणी नाहीसे होत नाही. ते आपल्या जुन्या वाटेने येते आणि तळे शोधते. मावशीची बैठकीची खोली ही त्या हिशेबाने तळ्यातच आहे.

तिच्या घराला बांधले तेव्हा रस्त्यापासून चढायला तीन पायऱ्या होत्या. आज एकच उरली आहे. घर खचलेले नाही. दर दोन-चार वर्षांनी जुना थर न खरवडता वर नवा डांबराचा थर पडत गेला आणि रस्ताच वर आला. हे आपल्याकडेही घडते, म्हणून फार नवल वाटू नये. चेन्नईत तर आता जॅक लावून आख्खे घर तीन-चार फूट उचलून देणारे कंत्राटदार आहेत. घर वर जाते, मग शेजाऱ्याचे घर खाली राहते, मग शेजारी तोच कंत्राटदार बोलावतो. मावशीच्या इमारतीत सहा बिऱ्हाडे आहेत, तिला असे एकटीने उचलले जाता येत नाही.

हे सारे माणसाने केलेले. यात पृथ्वीच्या तापाचा काय संबंध? तो समजायला चेन्नईचा पाऊस समजून घ्यावा लागतो, कारण तो आपल्यासारखा नाही.

आपण मराठी माणसे पाऊस म्हटले की मृग, आषाढ, श्रावण डोळ्यांपुढे आणतो. नैर्ऋत्येकडून येणारे वारे सह्याद्रीवर आपटतात, कोकणात धो धो पाऊस पडतो, घाटमाथा ओलांडला की वारे कोरडे होत जातात. तामिळनाडूचा किनारा या वाऱ्यांच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत पडतो. म्हणून आपल्या भर पावसाळ्यात चेन्नई उन्हात असते, अधूनमधून संध्याकाळी एखादी वळवासारखी सर. ऑक्टोबरात वारे उलटतात. आता ते ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरावरून येतात आणि समुद्राचे बाष्प घेऊन थेट याच किनाऱ्यावर उतरतात. चेन्नईला वर्षाला सरासरी १४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून बराच जास्त ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत. दिवाळीपासून मार्गळीच्या गाण्याच्या बैठकांपर्यंत, एवढाच त्यांचा पावसाळा.

तोही आपल्यासारखा रोज थोडा थोडा पडणारा नाही. उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, त्यातल्या एखाद्याचे वादळ होते. दोन-तीन असे पट्टे नीट चेन्नईवरून गेले तर वर्षाचे पाणी मिळाले. तेच वर आंध्रकडे किंवा खाली नागपट्टणमकडे सरकले तर शहर कोरडे. म्हणजे ज्या वादळाला भ्यायचे, त्याचीच वाट पाहायची. २०१८ च्या नोव्हेंबरात गज वादळ दक्षिणेला वेदारण्यमजवळ किनाऱ्याला लागले, तिथल्या नारळीच्या बागा भुईसपाट झाल्या, आणि चेन्नईला त्या मोसमात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस मिळाला. त्याचा परिणाम पुढच्या उन्हाळ्यात दिसला. जून २०१९ मध्ये पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम हे शहराचे चारही जलाशय जवळजवळ आटले. सुमारे दोनशे दिवस पावसाचा थेंब नव्हता. खानावळींनी दुपारचे जेवण बंद केले, संगणक कंपन्यांनी नोकरांना घरून काम करायला सांगितले. १२ जुलैला जोलारपेट्टैहून पन्नास वाघिण्यांची पाण्याची गाडी चेन्नईत आली, २५ लाख लिटर घेऊन.

पाण्याची आगगाडी! आपल्या वाचकांना यावरून दुसरी एक गाडी आठवली असेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी. त्या गाडीचा आणि चेन्नईच्या महापुराचा संबंध आहे, आणि तो मला या सगळ्या वाचनात सर्वांत जास्त विचार करायला लावणारा वाटला.

२०१५ हे जोरदार एल निनोचे वर्ष होते. पॅसिफिक महासागराचा मधला-पूर्वेकडचा भाग नेहमीपेक्षा गरम होतो, त्याला एल निनो म्हणतात. तो आला की पुष्कळदा आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊस दगा देतो. पण ऑक्टोबरानंतर तामिळनाडूचा ईशान्य मोसमी पाऊस मात्र अशा वर्षी बहुधा जोर धरतो. त्या वर्षी तसेच झाले. मराठवाडा सलग दुसऱ्या वर्षी करपला, मांजरा धरण कोरडे पडले, आणि पुढच्या एप्रिलात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षी चेन्नईत एकट्या नोव्हेंबरात एक हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, १९१८ नंतर एवढा नोव्हेंबर तिथे झाला नव्हता. १ डिसेंबरला आकाश पुन्हा फुटले. तांबरमला चोवीस तासांत ४९० मिलिमीटर! भरलेल्या चेंबरमबाक्कममधून अड्यार नदीत पाणी सोडावे लागले आणि रात्रीत वस्त्या बुडाल्या. विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली गेली. १८७८ पासून निघणारे 'द हिंदू' हे वृत्तपत्र २ डिसेंबरला छापता आले नाही, कारण छापखान्यात कामगार पोचू शकले नाहीत. त्या पावसाळ्यात राज्यात चारशेहून अधिक माणसे दगावली. दूरच्या एका समुद्राचे पाणी तापले आणि त्याने एका मराठी शहराला तहान दिली, एका तमिळ शहराला पूर.

आता इथे घाई करायची नाही. एल निनो आपल्या आजी-पणजीच्या काळीही होता, तो काही माणसाने आणलेला नाही. २०१५ चा पूर पृथ्वीच्या तापमानवाढीने आला का, हे तपासायला नेदरलंड्समधल्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या आणि इतर देशांतल्या सहकाऱ्यांसह अभ्यास केला. त्यांना तसे दाखवून देता आले नाही! चेन्नईपुढचा उपसागर त्या आधीच्या काही दशकांत फारसा तापलेला आढळला नाही. हवेतल्या धुराच्या आणि धुळीच्या कणांनी ऊन अडवले असावे आणि त्यामुळे तापमानवाढ तिथे झाकली गेली असावी, अशी शक्यता त्यांनी मांडली. हे मी मुद्दाम सांगते आहे. हल्ली कुठेही पूर आला की 'ग्लोबल वॉर्मिंग' म्हणून मोकळे होण्याची सवय आपल्याला लागली आहे, राजकारण्यांना तर फारच. गटारे साफ केली नाहीत, तळी विकली, आणि दोष आकाशाला. २०२१ मध्ये टी. नगर बुडाले, तेव्हाही मांबलम कालव्याच्या कामाचा राडारोडा पात्रातच पडून होता, अशी तक्रार झाली. टी. नगरचे पाणी अड्यारकडे नेणारा कालवा तो एकच. त्याच्या तोंडात बोळा घातल्यावर पाण्याने जायचे कुठे?

पण म्हणून तापमानवाढीची गोष्ट खोटी ठरत नाही. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतो. हा वायू पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, रजईसारखा. १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर तो नियमित मोजायला सुरुवात झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर आहे. रजई जाड झाली की आतला माणूस तापणारच. २०२४ हे वर्ष कारखानदारीच्या आधीच्या काळापेक्षा सरासरीने दीड अंशाहून जास्त गरम गेले.

दीड अंश म्हणजे काय मोठे, असे वाटते. सकाळ-दुपारीत दहा अंशांचा फरक आपण सहज सोसतो. पण शरीराचे तापमान दीड अंशाने वाढले तर आपण अंथरूण धरतो, तशी ही सरासरी आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० साली भारतापुरता एक मोठा अहवाल निघाला. त्यात नोंद आहे की १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, आणि हिंदी महासागराच्या उष्ण पट्ट्यातला पृष्ठभाग १९५१ ते २०१५ मध्ये एका अंशाने तापला. समुद्र तापला की दोन गोष्टी होतात. वादळाला चुलीखाली जास्त जाळ मिळतो. आणि हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. पाऊस सुरू झाला की तेवढे जास्त पाणी एकदम खाली येऊ शकते. हवेची झोळी मोठी झाली, असे समजा. भरायला वेळ लागेल, पण फाटली की जोरात.

म्हणून चेन्नईबद्दल शास्त्रज्ञ जे सांगतात ते साधारण असे आहे. पाऊस नाहीसा होईल असे नाही, कदाचित थोडा वाढेलही. पण तो थोड्या दिवसांत, मोठ्या लोटांनी पडण्याकडे कल राहील. वादळांची संख्या फार वाढेलच असे नाही, पण त्यातली जोरकस वादळे आणि त्यांचा पाऊस वाढण्याची भीती आहे. त्याची चव लोकांनी घेतलेली आहे. डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मिचाँग वादळ किनाऱ्यालगत रेंगाळले आणि दोन दिवसांत चेन्नईत चार-पाचशे मिलिमीटर पाऊस ओतून गेले. दोनच आठवड्यांनी दक्षिणेत कायलपट्टिनम या गावी एका दिवसात सुमारे ९५० मिलिमीटर पडला. मुंबईकरांना २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा पाठ आहे. तो आकडा एका लहानशा गावाने एका हिवाळ्यात गाठला. आता चेन्नईत इशारा आला की लोक वाट पाहत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये वेळचेरीच्या उड्डाणपुलावर लोकांनी आदल्या दिवशीच आपापल्या मोटारी नेऊन उभ्या केल्या. वाहनांची ती रांग टीव्हीवर पाहून मला हसू आले होते. मावशीकडे राहून आल्यावर येत नाही.

समुद्राचे काय? माझ्या मावसभावाने आईला घाबरवले ते त्याच्यावरून. उत्तर हिंदी महासागराची पातळी गेल्या तीसेक वर्षांत वर्षाला तीन मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त चढते आहे. टी. नगर किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर आत आहे. मावशीच्या हयातीत समुद्र तिच्या दारी येणार नाही. मात्र पावसाचे पाणी अड्यार आणि कूवम नद्यांतून समुद्रालाच मिळायचे असते. भरती असली, वादळाने समुद्र फुगला असला, की नदीचे पाणी मुखाशी अडून राहते आणि मागे मागे साचत टी. नगरच्या कालव्यापर्यंत येते. मोरीचे तोंड तुंबले की न्हाणीघर भरते, तसेच. पातळी थोडी जरी चढली तरी हे तुंबणे लांबणार.

एवढे सगळे पुराबद्दल लिहिले, पण मावशीला मी फोनवर सांगितले की मला जास्त काळजी मे महिन्याची वाटते.

चेन्नईत ३१ मे २००३ ला पारा ४५ अंशांवर गेला होता. नागपूरकर म्हणतील, त्यात काय! आम्ही दर वर्षी बघतो. पण नागपूरचा उन्हाळा आणि चेन्नईचा उन्हाळा यांत माठाइतका फरक आहे. मातीच्या माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो, वरचे पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते. कोरड्या नागपुरात माठ झकास गार होतो, कूलरही चालतो. चेन्नईच्या दमट हवेत माठ जेमतेम गार होतो आणि कूलर तर कोणी घेतच नाही. आपले शरीर हाही एक माठच आहे. घाम येतो, तो उडाला तर आपण गार होतो. हवेत आधीच बाष्प ठासून भरलेले असेल तर घाम नुसता ओघळतो, उडत नाही. मग चाळीसच्या आतले तापमानही अंगावर येते. समुद्र तापल्याने हवेतले बाष्प वाढते, आणि टी. नगरसारख्या गच्च बांधलेल्या भागात दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उष्णता सोडत राहतात. रात्र गार झाली नाही की म्हाताऱ्या माणसाच्या शरीराला उसंत मिळत नाही. पुराचे फोटो छापून येतात. कोंदट खोलीत पंख्याखाली तळमळणाऱ्या म्हाताऱ्याचा फोटो कोण काढणार? मेमधल्या कत्तिरीच्या दिवसांत, म्हणजे ज्याला तिकडे अग्नी नक्षत्र म्हणतात त्या तीन-साडेतीन आठवड्यांत, काका दुपारी घरातून बाहेर पडत नाहीत. रंगनाथन स्ट्रीटवर दुकानांपुढे उभ्या असलेल्या पोरींना तो पर्याय नाही. दुकानातल्या नोकरांना बसायला जागा द्यायलाच हवी, असा कायदा तामिळनाडूने २०२१ मध्ये केला. त्याआधी बारा-बारा तास उभे राहून साड्या उलगडणाऱ्यांना बसायची सोय असलीच पाहिजे असे नव्हते, हे मला तिथे जाऊनच कळले.

तर मग पुणे? मावसभावाशी मी यावर भांडले. अरे, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने पुण्यात काय केले? जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत लोक होडीने बाहेर काढावे लागले, ते काय समुद्रामुळे? ओढ्यावर, नदीपात्रात बांधलेले घर पुण्यातही बुडते. पत्ता बदलून प्रश्न सुटत नाही, कुठल्या उतारावर घर आहे ते पाहावे लागते. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण ताई, निदान मी जवळ असेन." त्याचेही खरेच आहे. याला हवामानशास्त्रात उत्तर नाही.

चेन्नईला मात्र आपले काही देणे लागते, हे वाचून मला गंमत वाटली. पूंडीच्या जलाशयात कृष्णेचे पाणी येते. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या आपल्याच कृष्णेचे! महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र या तीन राज्यांनी आपापल्या वाट्यातले प्रत्येकी पाच अब्ज घनफूट पाणी मद्रासच्या तहानेसाठी द्यायचे, असे १९७० च्या दशकात ठरले. श्रीशैलमहून कालव्यांनी, कंडलेरूमार्गे ते १९९६ मध्ये पूंडीला पोचले. ठरले तेवढे सगळे पाणी फारसे कधी पोचत नाही, पण महाबळेश्वरला पडलेल्या पावसाचा एखादा पेला मावशीच्या पोटात गेला असेल. शहर समुद्राचे खारे पाणीही गोडे करून पिते, नेम्मेलीचा कारखाना २०१३ पासून चालतो. हे पाणी महाग पडते आणि ते करायला वीज जाळावी लागते.

सर्वांत स्वस्त पाणी मात्र छपरावर पडते. तामिळनाडू सरकारने २००३ मध्ये प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची सोय सक्तीची केली. त्यानंतर बऱ्याच भागांतल्या विहिरी वर आल्या. मावशीच्या इमारतीतही तेव्हा खड्डा खणला होता. पुढे त्यात वाळू बसली, वर कुंड्या आल्या आणि लोक विसरून गेले. मागच्या अंगणात एक जुनी विहीरही आहे. तिच्यावर फरशी घालून भंगार ठेवलेले असते.

मी तिथे असताना इमारतीची बैठक झाली. विषय होता, फाटकापाशी दीड फुटाची भिंत घालायची. वरच्या मजल्यावरच्यांना खर्च नको होता, त्यांच्या घरात पाणी येत नाही. मावशी फार बोलत नाही कधी. त्या दिवशी बोलली. २०२१ ची गोष्ट काढली तिने. गल्लीतले घाण पाणी जमिनीखालच्या टाकीत, सम्पमध्ये शिरले होते आणि कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या सहाही घरांना चार दिवस प्यायला थेंब नव्हता. "तिसऱ्या मजल्यावरच्यांनी काय प्यायलं होतं तेव्हा?" तिने तमिळमध्ये विचारले. काकांनी नंतर मला अर्थ सांगितला. भिंतीमुळे पाणी शेजारच्या घरात जाईल, आपल्या सम्पचे झाकण मात्र तिथेच राहील, असे तिचे म्हणणे होते.

तिला मी फ्लॅटबद्दल सरळ उत्तर दिले नाही. जे कळले ते सांगितले. पूर पुन्हा येईल, कदाचित आधीपेक्षा एकदम. कोरडी वर्षेही येतील, आणि उन्हाळा वर्षानुवर्षे जड होत जाईल. तळमजला विकून त्याच इमारतीत वर जागा मिळाली तर बघ, पण गच्चीखालची घेऊ नकोस, मेमध्ये तापेल. हेही सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मधला मजला. तिथं जे राहतात ते सोडतील का?"

मागच्या रविवारी तिचा फोन आला. सम्पचे तोंड दोन फूट वर घेतले, गवंड्याचे काम झाले. सहाजणांनी पैसे भरले, तिसऱ्या मजल्यानेही. विहिरीवरची फरशी काढली. आत सायकलची दोन चाके, एक मोडकी खुर्ची आणि पुष्कळ माती निघाली. तळाशी ओल लागली आहे, गाळ काढणारा माणूस पोंगलनंतर येतो म्हणाला. छपराचे पन्हळ तिच्यात सोडायचे ठरले आहे.

फ्लॅटचे? ते अजून ठरलेले नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजींची मुलगी अमेरिकेत असते, ती मेमध्ये येणार आहे, तेव्हा विचारू म्हणाली.